काळजीवाहूचं ड्रिल

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी त्याने स्टुलावर चढून घराचा मेन स्विच स्वतःच्या हाताने खाली ओढला. पूर्ण शुद्धीत, नीट विचार करून, माहितीपुस्तिकेचं सातवं पान दोनदा वाचून ओढला. कुणी सांगितलं नव्हतं, कसली घाई नव्हती, डोकं फिरलेलं नव्हतं. उलट हे काम इतक्या शहाणपणाने अख्ख्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणी केलं नसतं, असं त्या क्षणी त्याला वाटलं होतं. ते वाटणंच अजून त्याच्या घशाखाली उतरत नाही.

तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात पंचवीस वर्षं गेलेला माणूस, त्यामुळे आपल्या हातून काही चूक होऊ नये याचा त्याने जन्मभर ध्यास घेतलेला. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, दोन जिने उतरून पुन्हा वर येऊन चौथ्यांदा ओढणार. गॅसचा खटका रात्री तो बंद करायचा, मग बायकोने पुन्हा चालू केलेला नाही ना हे बघायला उठायचा. बिल्डिंगमध्ये त्याला सगळे ‘काळजीवाहू’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तो रागावत नसे. काळजी वाहायला कुणीतरी लागतंच, असं त्याचं म्हणणं.

आणि आता तर वाहायला खरीखुरी काळजी होती. आई. तिची फुप्फुसं वर्षभर आखडत चालली होती आणि पाच महिन्यांपासून ती ऑक्सिजनच्या मशीनवर होती. पलंगाशेजारी लहान मुलाच्या उंचीचं ते मशीन चोवीस तास घुरघुरायचं, त्यातून निघालेली नळी आईच्या नाकाशी जायची. मशीन विजेवर चालायचं. वीज गेली तर ते शिट्टी मारून गप्प व्हायचं, आणि मग पलंगाच्या उशाशी उभा असलेला सिलिंडर उघडून नळी त्याला जोडावी लागायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, की यात मिनिटांचा हिशेब आहे. पाच मिनिटं ठीक, दहा मिनिटं वाईट, त्यापुढचं त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं.

काळजीवाहूने सिलिंडरच्या वर भिंतीला एक कागद चिकटवला होता. ‘वीज गेल्यास’ असा मथळा आणि खाली पाच सूचना, एकही काना-मात्रा न चुकलेल्या. पाच महिन्यांत वीज चारदा गेली. चारही वेळा पंखा थांबता थांबता तो आईच्या खोलीत पोचलेला होता. एकदा तर अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावला. आई त्याच्याकडे बघून हसली होती आणि म्हणाली होती, की उरलेली दाढी कर आधी, मी कुठे पळून जात नाही.

आई कुठे पळून जात नव्हती, पण एका ठिकाणी जायचा तिचा हट्ट होता. बाथरूमला. पलंगापासून सात पावलं, लांब नळी मागे ओढत, ती स्वतः जायची. जन्मभर शिवणाचे वर्ग चालवलेली बाई, शेकडो मुलींना हात धरून शिकवलं, पण स्वतःचा हात कुणी धरलेला तिला खपत नसे. पलंगाशी भांडं ठेवायची गोष्ट सुनेने काढली तेव्हा तिने दोन दिवस अबोला धरला. मात्र एकाच महिन्यात दोनदा तिचे गुडघे बाथरूममध्ये लटपटले. दुसऱ्या वेळी ती नळाला धरून राहिली म्हणून वाचली. तेव्हा ठरलं की बाथरूमच्या भिंतीला दोन दणकट स्टीलच्या दांड्या बसवायच्या. प्रत्येक दांडीला चार स्क्रू, म्हणजे आठ भोकं.

ऐकायला काम चिल्लर होतं. पण बाथरूमची ती भिंत विटांची नव्हती, अख्खी काँक्रीटची ओतलेली होती. खालच्या मजल्यावरचे सुतारकाका आपलं जुनं ड्रिल घेऊन आले, वायर जोडली, दात-ओठ खाऊन भिंतीवर टेकले. ड्रिल किंचाळलं, वास सुटला, आणि भिंतीवर चणा मावेल एवढी खळी पडली. शिवाय त्यांना दुसरीच भीती होती. गिझरची वायर त्या भिंतीतून नेमकी कुठून गेलीय ते कुणालाच माहीत नव्हतं. टोक वायरीवर गेलं तर संपलंच. काळजीवाहू म्हणाला, मग वीज बंद करून करा.

“आणि माझं ड्रिल काय तोंडाने फुंकून चालवू?” सुतारकाका म्हणाले आणि वायर गुंडाळून खाली गेले.

ते वाक्य काळजीवाहूच्या डोक्यात बसलं. वीज बंद करूनही चालणारं ड्रिल हवं. म्हणजे बॅटरीवरचं, आणि काँक्रीटला घाम फोडेल असं, ठोके मारत फिरणारं. तीन आठवडे त्याने नुसती चौकशी केली. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्याच्या तोंडी दुसरा विषय नसे. शेवटी ते आलं, जड काळ्या पेटीत, दोन्ही बाजूंना कड्या असलेलं. बॅटरीच विटेएवढी होती. त्याने आधी माहितीपुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचली, तिच्यात छपाईच्या दोन चुका सापडल्या, त्या लाल पेनाने दुरुस्त केल्या, आणि मगच बॅटरी बसवली.

पहिल्या दिवशी गच्चीवर पडलेल्या एका काँक्रीटच्या ठोकळ्यावर त्याने ते चालवून पाहिलं आणि हादरलाच. खटका दाबल्याबरोबर ड्रिलने त्याचं मनगट असं पिळलं की तो मटकन खालीच बसला. ठोकळ्याला मात्र आरपार भोक पडलेलं. चण्याएवढी खळी नाही, बोट जाईल एवढं भोक, तेही वीस सेकंदांत. बायको कठड्याला टेकून पोट धरून हसत होती. हसू आवरल्यावर तिने मनगटाला मलम लावलं. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, घरात मलमांना तोटा नव्हता.

नंतरच्या पंधरा दिवसांत तो तयार झाला. दोन्ही हातांनी कसं धरायचं, पाय किती फाकवायचे, अंग किती टेकायचं, सगळं शिकला. शेजाऱ्यांचे पडदे, फळ्या, आरसे त्याने हौसेने टांगून दिले. ज्या माणसाला आजवर लोक फार तर अर्जातला मजकूर तपासायला बोलवायचे, त्याला आता भिंत फोडायला बोलावू लागले, आणि त्याची छाती दोन बोटं फुगली हे खोटं कशाला बोला. आईच त्याला चिडवायची, की आता घरात एकही भिंत शाबूत ठेवायचा नाहीस वाटतं.

तर तो दिवस. बायको दुकानात गेलेली. त्याने छापखान्यातून सुट्टी घेतली होती. बाथरूमच्या भिंतीवर पेन्सिलीने आठ फुल्या मारल्या, पातळी धरून तपासल्या, पुन्हा तपासल्या. चष्मा, नाकावर मास्क, कानांवर ते मोठे गोल बोळे, ज्यांतून तोफेचाही आवाज आत येत नाही. काँक्रीटची धूळ आईच्या फुप्फुसांना विषासारखी, म्हणून तिच्या खोलीचं दार लावून घ्यायचं आणि खालच्या फटीत ओलं फडकं कोंबायचं, हेही त्याने यादीत लिहिलेलं होतं. बाथरूमला उजेडासाठी खिडकी होती. पंखा तर त्याने सकाळीच बंद करून ठेवलेला, धूळ उडू नये म्हणून. आणि यादीत सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित: मेन बंद करणे.

मेन स्विचची पेटी आईच्या खोलीच्या दारासमोरच होती. दार उघडं होतं. तो स्टुलावर चढला, खटका खाली ओढला, उतरला. दारातून आईकडे पाहून त्याने मान हलवली आणि म्हणाला, की तू पडून राहा, थोडा त्रास होईल, मग झालं. मास्कमुळे आवाज घुसमटल्यासारखा आला. मग त्याने दार ओढून घेतलं आणि ओणवं होऊन फडकं फटीत चांगलं दाबून बसवलं. बोळे कानांवर आधीच होते.

आता तुम्ही विचाराल, त्या माणसाला कळलं कसं नाही. तोही स्वतःला हेच विचारतो, रोज विचारतो. वीज जाणं म्हणजे त्याच्या लेखी बाहेरून येणारं संकट होतं. ते आलं की काय करायचं हे त्याला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. पण आज वीज गेलीच नव्हती. आज त्याने ती बंद केली होती, आणि बंद करणं हे सुरक्षिततेच्या खात्यात मोडत होतं. दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे त्याच्या डोक्यात एकदाही शिरलं नाही. हाताशी वायरवालं ड्रिल असतं तर मेनबरोबर तेही मेलं असतं आणि तो जागच्या जागी थांबला असता. हे ड्रिल थांबलं नाही.

पहिलं भोक पडलं. दुसरं पडलं. काँक्रीट अशी सहज वाट देत होतं की त्याला वाटलं सुतारकाकांना बोलावून दाखवावं. प्रत्येक भोकानंतर तो थांबायचा, ब्रशने धूळ झाडायचा, त्याची खोली मोजायचा. चार भोकांनी एका दांडीची सोय झाली. ती लगेच बसवून तिला लोंबकळून बघायचा मोह त्याने आवरला, कारण दुसरीची भोकं अजून पाडायची होती. पाचवं, सहावं. सातव्याला एक मोठा खडा लागला, तिथे जरा वेळ गेला. आठव्या फुलीवर टोक टेकवलं आणि ड्रिल दोन गिरक्या घेऊन बसलं. बॅटरी संपली होती.

त्याने बोळे मानेवर उतरवले. कानांत बारीक शिट्टी वाजत होती. इतका वेळ ठोक्यांत राहिलं की कान वाजतात, असं पुस्तिकेत लिहिलं होतं, म्हणून त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. बॅटरी काढून पॅसेजमधल्या चार्जरवर बसवली. चार्जरचा हिरवा दिवा लागेना. त्याने बॅटरी काढून पुन्हा बसवली. पिन हलवून पाहिली. नवाकोरा चार्जर महिनाभरात बिघडतो म्हणजे काय, असं म्हणून तो चक्क वैतागला. पेटीतून हमीचा कागद काढून त्याने तारीख बघितली. ते अर्धं मिनिट त्याला अजून चटका लावून जातं.

मग आठवलं, मेन बंद आहे. आपल्याच विसराळूपणावर तो हसला. हो, हसला. स्टुलावर चढला, खटक्याला हात लावला, आणि तेव्हा कळलं की शिट्टी कानांत वाजत नाहीये. ती दारामागे वाजतेय.

खटका वर केला की नाही हे त्याला नंतरही आठवलं नाही. नव्हताच केला. दार फडक्यात अडकलं, त्याने खांद्याने ढकललं. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. ओठ जांभळे, नखं जांभळी, डोळे अर्धे मिटलेले, छाती भराभर वरखाली होत होती. हात मांडीवर एकावर एक ठेवलेले होते, फोटोला बसावं तसे.

भिंतीवरच्या पाच सूचनांपैकी त्याला एकही वाचता आली नाही. सिलिंडरची किल्ली त्याच्या हातातून दोनदा पडली. हाताला काँक्रीटची भुकटी आणि घाम, चाक फिरेना. चष्मा फेकून दिला, मास्क ओढून तोडला, दोन्ही हातांनी चाक फिरवलं आणि सूं आवाज आला. नळी जोडली. बोटाला लावायच्या यंत्रावर आकडा आला एकसष्ट. तो आकड्याकडे बघत गुडघ्यांवर बसून राहिला. पासष्ट. बहात्तर. बहात्तरवर तो बराच वेळ अडला आणि याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. मग ऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी. आईने डोळे पूर्ण उघडले आणि याच्याकडे पाहिलं.

त्याने घड्याळ पाहिलं तेव्हा बारा वाजायला चोवीस मिनिटं होती. सोळा मिनिटं. डॉक्टरांनी बोलून न दाखवलेल्या प्रदेशातून आई परत आली होती.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी चार प्रश्न विचारले, आकडा ऐकला, संध्याकाळी येऊन बघतो म्हणाले. वीज कशाने गेली हे त्यांनी विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. तेवढ्यात सुतारकाका वर आले. ठोक्यांचा आवाज थांबला तेव्हा काम झालं असणार, बघून यावं, म्हणून आलेले. ते सरळ बाथरूममध्ये गेले, भोकांत बोट घालून बघितलं, बाहेर येऊन मेन वर केला आणि म्हणाले, की मेन बंद करून केलंत ना, वा, याला म्हणतात डोकं. काळजीवाहू दारात उभा होता. अंगावर पांढरी भुकटी, मानेवर बोळे. त्याने मान डोलावली. दुसरं काय करणार होता.

दुपारी आईने अर्धा कप दूध घेतलं. मशीन पुन्हा घुरघुरत होतं. एरवी त्या आवाजाने तो वैतागायचा, आठच दिवसांपूर्वी बायकोला म्हणालाही होता की हा आवाज आता डोक्यात जातो. आज त्याला वाटत होतं की तो आवाज जन्मभर कानांत राहावा. तो पलंगाशी स्टूल घेऊन बसला होता. आईच्या उशाशी वाटी आणि चमचा होता, कुणाला बोलवायचं असलं की ती चमचा वाटीवर वाजवायची. तो त्या वाटीकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं, आई वाजवतेय, वाजवतेय, आणि आपण बोळे घालून भिंत फोडतोय.

शेवटी त्याने ते बोलून टाकलं. माझी चूक झाली म्हणाला. तू किती वाजवलं असशील आणि मला ऐकू आलं नाही, याची मला आयुष्यभर शिक्षा आहे म्हणाला.

आई म्हणाली, “मी वाजवलं नाही.”

त्याला वाटलं ती त्याला सावरून घ्यायला खोटं बोलतेय. त्याने विचारलं, का नाही वाजवलंस. हात उचलत नव्हता का?

“उचलत होता की.” तिने नळीतून दोन श्वास घेतले. “तू स्विच बंद केलास ते मी बघितलं. मशीन बंद पडलं. तू माझ्याकडे बघितलंस, थोडा त्रास होईल म्हणालास, दार लावलंस आणि खाली फडकं कोंबलंस.”

अजून त्याला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर कळायला लागलं होतं, पण त्याचं मन ते आत घेत नव्हतं.

“मला वाटलं, तू ठरवलंस,” आई म्हणाली. “पाच महिने झाले रे. तुला झोप नाही, सुनेला झोप नाही. मी म्हटलं, त्याने ठरवलंय तर आपण वाजवत कशाला बसायचं. उगीच त्याला अवघड जाईल.”

आपल्याला कुणी बेफिकीर म्हटलं असतं, मूर्ख म्हटलं असतं, आईला मारता मारता राहिलास म्हटलं असतं, तर त्याने ते सगळं पदरात घेतलं असतं. घ्यायच्या तयारीनेच तो तिथे बसला होता. पण आईने सोळा मिनिटं त्याच्यावर खुनाचा आळही घेतला नव्हता. हात मांडीवर ठेवून त्याला सोपं जावं म्हणून ती गप्प बसली होती.

“आई, मी नाही गं,” तो म्हणाला. “मी विसरलो. मी खरंच विसरलो होतो.” मग त्याने सगळं सांगितलं. गिझरची वायर, भिंत, मेन का बंद करावा लागतो, धुळीसाठी दार, धुळीसाठी फडकं. सांगताना त्याचं त्यालाच ऐकू येत होतं, की यातली एकेक गोष्ट खरी आहे आणि सगळ्या मिळून रचलेल्या वाटतात. तुझ्यासाठीच करत होतो, असं तो तीन वेळा म्हणाला, आणि तिसऱ्या वेळी ते त्याला स्वतःलाच पटेना.

आईने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही त्याला अडवलं नाही. मग तिने हात लांब करून त्याच्या केसांतली काँक्रीटची भुकटी झटकली, एकदा, दोनदा.

“मी तेव्हाच तुला माफ करून टाकलं होतं,” ती म्हणाली. “रागावले नव्हते मी.”

“पण मी केलंच नाही, आई.”

“असू दे,” आई म्हणाली, आणि कूस बदलून तिने डोळे मिटले.